यंत्रमानवाच्या स्पर्धा आणि व्यापाऱ्याचे ऋण



आपल्या स्मरणिकेत दरसाल बाजारभाव, करपद्धती, वखारीच्या अडचणी आणि जुन्या पेढ्यांची परंपरा या विषयांवर अनुभवी मंडळी लिहीत असतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मी आपले लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. शाळकरी मुलामुलींनी संघ करून स्वतःच्या हातांनी यंत्रमानव बनवावयाचा, तो स्पर्धेत उतरवावयाचा आणि त्या निमित्ताने जे शिकले ते गावातील इतर मुलांना शिकवावयाचे, असा एक उपक्रम गेली तीसहून अधिक वर्षे जगात वाढत आहे. आपल्याकडील शाळांतही तो रुजू लागला आहे आणि त्यासाठी देणगी मागावयास मुले आपल्या पेढ्यांच्या पायऱ्या चढू लागली आहेत. देणगी द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती कोणत्या अटीवर द्यावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे.

यंत्रमानव म्हटले की हातपाय असलेला लोखंडी पुतळा डोळ्यांपुढे येतो. तो समज प्रथम सोडला पाहिजे. मुले बनवितात ती चाकांवर चालणारी एक चौकट असते. तीत विजेच्या मोटारी, वस्तू उचलणारा हात, अंतर वा रंग ओळखणारे सेन्सर आणि या सर्वांना हुकूम देणारा लहानसा संगणक बसविलेला असतो. अशा स्पर्धांपैकी सर्वांत गाजलेली स्पर्धा ‘फर्स्ट’ या अमेरिकन संस्थेची होय. डीन केमन या संशोधकाने ही संस्था १९८९ साली स्थापन केली. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत तिची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अवघे २८ संघ होते. आज केवळ मोठ्या मुलांच्या विभागातच तीन हजारांहून अधिक संघ भाग घेतात. दर जानेवारीत त्या वर्षीचा नवा खेळ जाहीर होतो. चेंडू, नळ्या किंवा खोकी उचलून ठरलेल्या जागी नेऊन टाकावयाची, असे त्याचे साधारण स्वरूप असते. सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. त्यातील पहिले काही क्षण यंत्राने कोणाच्याही हाताशिवाय, आधी दिलेल्या आज्ञांवर चालावयाचे असते. पुढे मुले ते दुरून चालवितात.

येथवर हा खेळच झाला. परंतु या खेळाचे दोन नियम असे आहेत की ते वाचून कोणाही व्यापाऱ्याने क्षणभर थांबावे.

पहिला नियम युतीचा. मैदानात एकास एक असा सामना होत नाही. तीन संघ एका बाजूस आणि तीन दुसऱ्या बाजूस असतात. सकाळी जो संघ आपल्याविरुद्ध खेळला तोच दुपारी आपल्या बाजूस येतो. शेवटच्या फेऱ्यांसाठी आघाडीचे संघ आपले जोडीदार स्वतः निवडतात. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे यंत्र मोडले असता त्याला आपला सुटा भाग देणे, आपला पाना देणे, प्रसंगी आपली मुले त्याच्या मदतीस पाठविणे ही तेथील रीतच झाली आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या वृत्तीला ‘ग्रेशस प्रोफेशनलिझम’ असे नाव रूढ केले. सौजन्य न सोडता आपले काम चोख करणे, असा त्याचा भावार्थ सांगता येईल. आपल्याला हे नवे वाटू नये. सकाळच्या लिलावात दोन अडते एकमेकांवर चढाओढीने बोली करतात, आणि संध्याकाळी एकाची गाडी भरावयाची असताना बारदान कमी पडले तर दुसऱ्याच्या वखारीतूनच ते येते. बाजारपेठ टिकली आहे ती या दोन्ही गोष्टींवर.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. या स्पर्धेतील सर्वांत मोठा मान सामना जिंकणाऱ्या संघाला मिळत नाही. तो मिळतो आपल्या गावात, आपल्या समाजात ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या संघाला. पूर्वी त्यास ‘चेअरमन्स अवॉर्ड’ म्हणत. २०२३ च्या हंगामापासून ‘इम्पॅक्ट अवॉर्ड’ म्हणतात. किती शाळांत जाऊन शिकविले, किती नवे संघ उभे करून दिले, ज्यांना ही संधी कधीच मिळाली नसती अशा किती मुलांपर्यंत पोहोचलात, याची परीक्षक कसून चौकशी करतात. मुलांना त्याचा लेखी अहवाल द्यावा लागतो आणि परीक्षकांच्या प्रश्नांना तोंडी उत्तरे द्यावी लागतात. म्हणजे ज्यांनी ही स्पर्धा काढली त्यांच्याच लेखी यंत्र हे निमित्त असून माणसे घडविणे हे प्रयोजन आहे. देणगी देताना आपण नेमके हेच विसरतो. आपण विचारतो, “करंडक मिळेल का?” विचारावयास हवे ते असे की, “तुम्ही कोणाला शिकविणार?”

पैशाच्या बळावर यश मिळते, असेही कोणी समजू नये. २००४ सालच्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांची स्पर्धा झाली. फिनिक्स शहरातील कार्ल हेडन या सरकारी शाळेतील चार मुलांनी तीत भाग घेतला. मुले मेक्सिकोतून आलेल्या गरीब कुटुंबांतील असून त्यांच्यापाशी अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रेही नव्हती. शेताला पाणी देण्यासाठी आपण वापरतो तशा पीव्हीसी नळ्या जोडून, सुमारे ८०० डॉलरांत त्यांनी यंत्र तयार केले. डिंकाच्या उग्र वासावरून त्याचे नाव ‘स्टिंकी’ पडले. मोठ्या तेलकंपनीचा आश्रय लाभलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या त्या विख्यात संस्थेच्या संघास मागे टाकून या चौघांनी पहिला क्रमांक पटकावला.

पण या कथेचा उत्तरार्धही लक्षात ठेविला पाहिजे. विजयाने पुढची दारे आपोआप उघडली नाहीत. २००६ साली अॅरिझोना राज्यात मतदान होऊन अशा मुलांची महाविद्यालयीन शुल्काची सवलत बंद झाली, आणि ज्यांनी जगातील नामांकित विद्यार्थ्यांस हरविले होते त्यांना शिकण्यासाठी पैशाची विवंचना पडली. तात्पर्य, हारतुरे घालून छायाचित्र काढल्याने दात्याचे कर्तव्य संपत नाही. त्याची खरी कसोटी दुसऱ्या वर्षापासून लागते.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. बेळगावच्या रविवार पेठेत माझ्या तरुणपणी वखारीच्या ओट्यावर सूप घेऊन बायका ओळीने डाळ निवडीत बसत. खडा, काडी, काळा दाणा, किडका दाणा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आज हे काम रंग ओळखणारे यंत्र करते. बाजारात आपण त्यास सॉर्टेक्स म्हणतो. उतरत्या पन्हळीवरून धान्य घसरत येते, कॅमेरा दाणा दाणा पाहतो आणि जो रंगात बसत नाही तो दाबलेल्या हवेच्या फुंकरीने बाजूस उडविला जातो. पाहणे, निर्णय घेणे आणि कृती करणे ही तिन्ही कामे ते यंत्र स्वतः करते. हातपाय नसले तरी तो यंत्रमानवाचा सख्खा भाऊच होय. त्याने मालाचा दर्जा सुधारला, भाव चांगला आला आणि नफा आपल्या पदरी पडला. त्या निवडणाऱ्या बायकांच्या पदरी काय पडले, हा हिशेब मात्र कोणत्याच खतावणीत लिहिला गेला नाही.

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. निवडलेल्या मालाची मागणी वाढली असता सुपावर व्यापार चालणार नाही, हे कोणाही धान्यव्यापाऱ्यास सांगावयास नको. उद्या गोण्या उचलणारी, थप्पी लावणारी यंत्रेही आपल्या वखारीत येतील आणि हमालाच्या पाठीवरचे ओझे उतरेल. ओझ्याबरोबर त्याची मजुरीही जाऊ नये, एवढीच काळजी आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, ज्यांच्या हातचे काम यंत्राने घेतले त्यांच्या मुलांच्या हाती यंत्राची विद्या प्रथम दिली पाहिजे. आपण यंत्रमानवाच्या संघास आश्रय देणार असू तर त्या संघात हमालाचा मुलगा आणि डाळ निवडणाऱ्या बाईची नात असली पाहिजे. हे दान नसून चुकते करावयाचे देणे आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, या खटाटोपात मुलांचा अभ्यास बुडेल. ज्या मुलांना चाकाचा घेर मोजून अंतर काढावे लागते, मोटारीला किती वीज लागेल याचे गणित करावे लागते, आपल्या यंत्राविषयी परक्या माणसांपुढे नीट बोलावे लागते, त्यांचा अभ्यास कोणता बुडतो? वेळेचे बंधन मात्र वडीलधाऱ्यांनी घातले पाहिजे, हे मान्य. दुसरा आक्षेप, हे सरकारचे काम आहे. सरकार ते करीतही आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना चालू असून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अशा सुमारे १० हजार प्रयोगशाळा झाल्या आहेत आणि पुढील पाच वर्षांत आणखी ५० हजार काढण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात करण्यात आली. परंतु कपाटातील साहित्य आपल्या पायांनी बाहेर येत नाही. त्यासाठी शिकविणारा माणूस लागतो, संध्याकाळी शाळेचे दार उघडे ठेवणारा लागतो. तेथेच आपली गरज आहे.

व्यापाऱ्याचा आणि यंत्राचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना वालचंद हिराचंद यांचे स्मरण करून द्यावेसे वाटते. सोलापूरच्या व्यापारी घराण्यात जन्मलेल्या या गृहस्थाने १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आजही त्यांच्या नावाने चालते. आणि दार कोणासाठी उघडावे, असे विचारणाऱ्यांनी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याकडे पाहावे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी सर्व जातींच्या गरीब मुलांना एका वसतिगृहात एकत्र आणले आणि श्रम करून शिकावयास लावले. एकाने यंत्राचे धाडस दाखविले, दुसऱ्याने दाराची रुंदी दाखविली. आपल्याला दोन्ही हवे.

यास्तव आपल्या मंडळापुढे मी पुढील सूचना विचारार्थ ठेवितो.

एक, अशा संघास द्यावयाच्या देणगीचे दोन सारखे भाग करावेत. एक भाग यंत्र, प्रवेशशुल्क व प्रवास यांसाठी. दुसरा नगरातील मराठी, कन्नड व उर्दू सरकारी शाळांत जाऊन शिकविण्यासाठी. दुसरा भाग खर्च झाल्याचा हिशेब आल्याशिवाय पुढील वर्षाची रक्कम देऊ नये.

दोन, संघातील निम्म्या जागा बाजारात राबणाऱ्या हमाल, मापाडी, गाडीवान व मजूर स्त्रिया यांच्या मुलामुलींसाठी राखाव्यात. मुलींची संख्या मुलांहून कमी असू नये.

तीन, उद्यमबागेतील कारखान्यांत लेथवर आयुष्य घालविलेले कसबी कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एकदोघांना योग्य मानधन देऊन आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना हत्यारे धरावयास शिकविण्याची विनंती करावी. पुस्तकी शिक्षकास जे जमत नाही ते त्यांच्या बोटांत आहे.

चार, संघाची कीर्द-खतावणी मुलांनीच लिहावी आणि ती वार्षिक सभेत वाचून दाखवावी. या एका विद्येत तरी आपण त्यांचे गुरू होऊ शकतो.

पाच, जे काही द्यावयाचे ते निदान तीन वर्षांसाठी कबूल करावे. मोटारी झिजतात, बॅटऱ्या मरतात, मोठी मुले शाळा सोडून जातात. घसाऱ्याची तरतूद केल्यावाचून आपण आपले दुकान चालवीत नाही, मग मुलांचा उपक्रम तरी तसा कसा चालेल? आणि देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावण्याचा आग्रह कोणी धरू नये.

स्पर्धा परदेशात होतात, तेथवर आपली मुले जातील तेव्हा जातील. पुण्यानेही २००८ आणि २०१४ साली आशियाई महाविद्यालयीन संघांची रोबोकॉन स्पर्धा भरविली. २००८ साली तर गोकुळाष्टमीच्या गोविंदाचाच विषय खेळासाठी घेतला होता. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी राहिलेली नाही. करंडक आला तर आनंदाने पेढे वाटू. परंतु वर्षअखेरीस मंडळाने मुलांना पहिला प्रश्न विचारावा तो असा की, या वर्षी आपल्या यार्डातील किती घरांतील मुलांनी पहिल्यांदा यंत्राला हात लावला? येत्या वार्षिक सभेत या सूचनांवर चर्चा होऊन निर्णय व्हावा, अशी सर्व सभासदांस माझी नम्र विनंती आहे.