बुडणारा सिलिंडर, तरंगणारा सिलिंडर

पोंभुर्ण्याहून समुद्र कितीतरी लांब! पण आजचं समुद्रातलं कोडं तुम्हाला घरच्या बादलीत सोडवता येईल.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटक पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरतात. असे सिलिंडर पोलादाचे असतात, तसे अ‍ॅल्युमिनियमचेही. गंमत अशी, की रिकामे झालेले दोन्ही सिलिंडर समुद्रात सोडले, तर पोलादाचा सहसा बुडतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा तरंगतो!

‘पोलाद जड, म्हणून!’ असं म्हणाल. मग पोलादी जहाज का बुडत नाही? आर्किमिडीजनं सांगितलंय, वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. पोलाद मजबूत, त्यामुळे सिलिंडरची भिंत पातळ चालते. अ‍ॅल्युमिनियमची भिंत जाड ठेवावी लागते. म्हणून आत ११ लिटर जागा असलेला हा सिलिंडर बाहेरून १६ लिटरांहून मोठा होतो आणि जास्त पाणी सारतो.

आता हवेचं बघू. त्या ११ लिटरांत सुमारे २,२०० लिटर हवा दाबून भरतात. तिचं वजन अडीच किलोहून जास्त! भरलेला सिलिंडर बुडतो. पाणबुड्या श्वास घेत जातो, तसतसा तो हलका होतो आणि शेवटी पाणबुड्यालाच वर ओढू लागतो.

इथंच धोका असतो. वर येताना पाणबुड्या ५ मीटर खोलीवर तीनेक मिनिटं थांबतो. रक्तात मुरलेला नायट्रोजन तेवढ्यात हळूहळू बाहेर पडतो. थांबताच आलं नाही तर? म्हणून कमरेला शिसं बांधताना हिशेब भरलेल्या सिलिंडरचा नाही, संपत आलेल्या सिलिंडरचा करतात. पोलादी सिलिंडर असेल, तर शिसं कमी लागतं.

आपल्याकडच्या मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, तर ते आणखी कमी लागेल. समुद्राचं पाणी लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमनं जड असतं, म्हणून ते जास्त जोरानं ढकलतं.

आता करून पाहा. घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात तो जेमतेम बुडेल एवढी वाळू भरा. ही वाळू म्हणजे आपली हवा. मग चमचा-चमचा वाळू काढत जा. कितव्या चमच्याला डबा वर आला, ते वहीत लिहा. पण प्रयोग बादलीतच बरं का. तलावावर किंवा विहिरीवर मुळीच नाही!