अंगावर काढलेला ताप



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटातली एकजण सातव्या महिन्यात तापाने फणफणली. तीन घरची धुणीभांडी, खाडा झाला की पैसे कापणार. चार दिवस तिने ताप अंगावर काढला. पाचव्या दिवशी धाप लागली, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. फ्लूवरून न्युमोनिया झाला होता. ती वाचली, बाळही वाचलं. पण घरी आल्यावर तिने मला विचारलं, "ताई, याची लस असते म्हणे. मला कुणी सांगितलं का नाही?"

तपासणीला ती तीनदा गेली होती. धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. फ्लूचं नाव कुणी काढलं नाही. खरं सांगायचं तर मीही काढलं नव्हतं.

का नव्हतं? नेट-एनच्या प्रयोगांविरुद्ध स्त्री संघटना १९८६ साली सुप्रीम कोर्टात गेल्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीचे आंध्र-गुजरातेतले प्रकल्प संमतीच्या प्रश्नावरून २०१० मध्ये थांबवावे लागले. सुईकडे संशयाने पाहायला आपण अशा अनुभवांतून शिकलो, आणि ते बरोबरच होतं. पण त्या सवयीत मी काही सुयांची चौकशीच केली नाही.

आता केली आहे. फ्लूची टोचायची लस मेलेल्या विषाणूंपासून बनते, ती गरोदरपणी कुठल्याही महिन्यात घेता येते. (नाकात फवारायची जिवंत विषाणूंची लस मात्र गरोदर बाईने घ्यायची नाही.) लस द्यायची तर गरोदर स्त्रियांना आधी द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच सांगितलं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला मिळतं ते आईकडूनच. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे लाट पावसाळ्यात येते, तेव्हा एप्रिल-मे बरा.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, एक शाळकरी मुलगी. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गरोदर स्त्रियांना, मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. आमच्या वस्तीत ही गोष्ट कुणाला ठाऊकच नव्हती. खाजगीत विकत घ्यायची तर तिच्या कितीतरी दिवसांची मजुरी जाते.

न्युमोकोकस या जंतूचं थोडं वेगळं आहे. बाळांसाठी त्याची लस, पीसीव्ही, २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर मोफत आहे: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना, नवव्या महिन्याला. कार्डावर तिन्ही खुणा आहेत का, ते बघा. पण चुलीच्या धुरात जन्म घालवलेल्या, दम्याने खोकणाऱ्या सासवा-आयांचं काय? वय पासष्टच्या पुढे असेल, किंवा मधुमेह, दमा, हृदयविकार असेल, तर मोठ्यांनाही न्युमोकोकसची लस घ्यायला सांगतात. ती सरकारी लसीकरणात नाही. घरात औषधांचा खर्च निघाला की म्हातारीचा नंबर शेवटी, हे मी तुम्हांला सांगायला नको.

मे महिन्यात आम्ही दहाजणी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटलो. "मागणीच नसते," ते म्हणाले. आम्ही वस्तीतल्या तेवीस गरोदर बायकांची यादी पुढे ठेवली आणि तिची पोच मागितली. यादी तिनेच केली होती, बाळाला कडेवर घेऊन दारोदार फिरून.