शब्दविचार : अनास्था

काही शब्द दोन भगिनीभाषांत एकाच रूपाने नांदतात. परंतु दोन्ही घरी त्यांचा स्वभाव निराळा असतो. ‘अनास्था’ हा त्यांपैकीच एक.

उज्जैनच्या टावर चौकात वावरणाऱ्या मराठी मुलाच्या कानी ‘आस्था’ हा शब्द पडतो तो हिंदीतला. २०१६ च्या सिंहस्थात हिंदी वृत्तपत्रांनी तो मुक्तहस्ते वापरला. २०२८ च्या सिंहस्थातही तो पुन्हा दुमदुमेल. तेथे त्याचा अर्थ श्रद्धा. मराठीत मात्र आस्था म्हणजे जिव्हाळ्याची काळजी. आपण आजाऱ्याची आस्थेने विचारपूस करतो. असे करणाऱ्यास ‘आस्थेवाईक’ म्हणतो. ‘आ’ या उपसर्गासह ‘स्था’ धातूपासून झालेल्या या संस्कृत शब्दात आदर, काळजी, विश्वास, आधार असे अनेक अर्थ होते. हिंदीने विश्वास उचलला, मराठीने काळजी.

आमच्या एका विद्यार्थ्याला पुण्याहून आजीचे पत्र आले : ‘अभ्यासाविषयी अशी अनास्था बरी नव्हे.’ तो गोंधळून आम्हांस म्हणाला, “सर, मी तर रोज देवळात जातो!” आम्हांस हसू आले, पण दोष मुलाचा नव्हता. आजीचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला, अर्थ मात्र वाटेतच राहिला.

आता जवळचे शब्द पाहू. ‘औदासीन्य’ हे उद् आणि आसीन यांवरून आलेले, म्हणजे अलिप्तपणे बसणे. ते विरक्त पुरुषास शोभूनही दिसते. ‘वीट’ येतो तो अतिपरिचयाने. रंग विटतो तसे मनही विटते. ‘निर्ढावलेपणा’ बोलणी खाऊन येतो. आपल्याकडे सर्रास बोलली जाणारी ‘लापरवाही’ ही कृतीतील हयगय. अनास्था या सर्वांहून वेगळी आहे. जेथे आस्था असावयास हवी, तेथेच तिचा दोष लागतो. टावर चौकातील घड्याळाकडे पाहुणा मान उंचावून पाहतो, रहिवासी पाहत नाही; ही केवळ सवय झाली. परंतु ते बंद पडावे आणि ‘का बंद पडले?’ असे एकाही रहिवाशाने विचारू नये, ही अनास्था. परगावच्या घड्याळाविषयी तसा दोष आपल्याला कोणी देणार नाही.

मराठीचेही तसेच आहे. शिंद्यांची राजधानी १८१० च्या सुमारास उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, तरी येथील मराठी घरे टिकली आणि त्यांची भाषाही टिकली. आज मुलाला एखादा मराठी शब्द अडला, यात आम्हांस भय वाटत नाही. शब्द शिकविता येतो. तो अडला हे घरात कोणाच्या ध्यानीही येऊ नये, याचे मात्र भय वाटते. भाषेचा द्वेष करणारी माणसे विरळा. तिची विचारपूस सोडून देणारी पुष्कळ.

तेव्हा वाचकहो, या महिन्यात घरातील मुलांना ‘आस्थेवाईक’ हा शब्द घालून एक वाक्य लिहावयास सांगावे. मात्र ते वाक्य त्यांच्याजवळ बसून, आस्थेने वाचावे.