पैसा जमिनीला की पशुपालकाला?

युरोपातील गोमांसाच्या धंद्याचा प्रश्न वरकरणी त्या खंडाचा घरगुती प्रश्न दिसतो. परंतु राज्याने शेतकऱ्यास साहाय्य करावे ते कोणत्या रीतीने, या सर्वच देशांना भेडसावणाऱ्या प्रश्नाचा साठ वर्षांचा अनुभव त्यात साठलेला आहे. म्हणून आमच्या वाचकांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

१९५७ च्या रोम कराराने शेतकरी वर्गास रास्त जीवनमान आणि ग्राहकास वाजवी भावात अन्न, ही उद्दिष्टे एकत्र स्वीकारली. १९६२ पासून सामायिक कृषिधोरण अमलात आले. भाव ठरावीक पातळीखाली घसरला की सरकारी यंत्रणेने माल खरेदी करावा, ही तजवीज पुढे गोमांसालाही लागू झाली आणि १९८० च्या दशकात शीतगृहांतून मांसाचे व लोण्याचे ढीग साचले. १९९२ साली कृषी आयुक्त रे मॅकशॅरी यांनी गोमांसाचा आधारभाव १५ टक्क्यांनी उतरविला आणि भरपाई म्हणून दर जनावरामागे मिळणारी रक्कम वाढविली. २००३ च्या सुधारणेने या साहाय्याचा मोठा भाग उत्पादनापासून तोडून जमिनीशी जोडला. ढीग ओसरले, हे खरे. पण त्यांच्या जागी एक नवा अन्याय उभा राहिला. साहाय्य हेक्टरी मिळू लागताच, ज्याची जमीन मोठी त्याचीच थैली मोठी झाली. आज या थेट साहाय्याचा सुमारे ८० टक्के भाग २० टक्के लाभार्थींच्या पदरात पडतो!

उलटपक्षी, फ्रान्समधील मासिफ सेंत्राल या डोंगराळ मुलखातला लहान पशुपालक पाहावा. तेथील कित्येक उतारांवर गवताखेरीज दुसरे पीक निघत नाही. गाईपासून वर्षाकाठी एकच वासरू मिळते आणि तेही पुष्ट होण्यापूर्वीच बहुधा इटलीतील व्यापाऱ्यास विकले जाते. अनुदान वजा केले तर अशा अनेक कुटुंबांच्या हाती काहीच उरत नाही. त्यातच दक्षिण अमेरिकेतील मेर्कोसुर राष्ट्रांशी डिसेंबर २०२४ मध्ये ठरलेल्या करारात ९९,००० टन गोमांस अवघ्या ७.५ टक्के जकातीने येऊ देण्याची तरतूद आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी ही गत होय.

यावर उपाय सुचला नव्हता, असे नाही. एका शेतकऱ्यास वर्षाला १,००,००० युरोंहून अधिक थेट साहाय्य मिळू नये, अशी सक्तीची मर्यादा युरोपीय आयोगाने २०१८ मध्येच सुचविली होती. २०२१ मध्ये कायदा झाला तेव्हा ती ऐच्छिक ठरली. म्हणजेच निरर्थक झाली. २०२८ पासूनच्या अंदाजपत्रकासाठी आयोगाने जुलै २०२५ मध्ये तीच मर्यादा पुन्हा मांडली. मोठी शेते मजुरांना काम देतात, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु मजुरीचा खर्च वजा करून मर्यादा लावण्याची सोय २०१८ च्या प्रस्तावातच होती. गुरांमुळे हवेत मिथेन मिसळतो, हेही खरे. म्हणूनच जनावरांची संख्या न मोजता, कुरण राखण्याच्या कामाचा मोबदला देणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

सार्वजनिक पैसा मालकीहक्काचे बक्षीस नव्हे, श्रमाचा मोबदला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. युरोपीय सरकारांनी ही मर्यादा दुसऱ्यांदा पातळ होऊ दिली, तर डोंगरावरचे गोठे ओस पडतील आणि त्याचा दोष परदेशी मांसावर ढकलून त्यांना मोकळे होता येणार नाही.