पडझडीसकट

आज 18 एप्रिल, जागतिक वारसा दिन. 1983 साली युनेस्कोने मान्यता दिलेला हा दिवस आपल्याकडे ठरल्याप्रमाणे पार पडतो. सकाळी हेरिटेज वॉक, मग किल्ल्यावर प्लास्टिक वेचण्याची मोहीम, संध्याकाळी भाषणे. त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्या कामासाठी वास्तू बांधली ते कामच संपले तर तिचे करायचे काय, हा अवघड प्रश्न या धामधुमीत कोणी काढत नाही. स्पेनमध्ये, कॅटलोनियातल्या सांतपेदोर नावाच्या गावाने त्याचे एक उत्तर काढले आहे. आज त्याची दखल घ्यायला हवी.

मानरेसा शहराजवळचे हे गाव. वस्ती सुमारे सात हजारांची. फुटबॉलवेड्यांना ते पेप ग्वार्दिओलाचे जन्मगाव म्हणून ठाऊक असेल. 1721 ते 1729 या काळात फ्रान्सिस्कन संन्याशांनी तिथे मठ आणि चर्च उभारले. शंभरेक वर्षे ते नांदते राहिले. 1835 मध्ये स्पेनभर मठांवर हल्ले झाले, सरकारने त्यांच्या मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात केली. सांतपेदोरचा मठही तेव्हाच लुटला गेला. पुढची दीडशेहून अधिक वर्षे झिजण्यात गेली. अखेर 2000 साली मठाची इमारत पाडली गेली आणि उरले ते एकटे चर्च, छत ठिकठिकाणी कोसळलेले.

अशा वेळी सुचणारे मार्ग साधारण दोनच असतात: उरलेलेही पाडून जागा मोकळी करायची, नाहीतर जुनी चित्रे शोधून सगळे पूर्वीसारखे ‘नवे’ करायचे. वास्तुरचनाकार डेव्हिड क्लोसेस यांनी दोन्ही टाळले. 2003 ते 2011 अशी आठ वर्षे, टप्प्याटप्प्याने काम चालले. भिंती पक्क्या केल्या, पण पडलेला भाग पुन्हा बांधून काढला नाही. छत कोसळल्यामुळे आत जिथून अवचित उजेड येऊ लागला होता, तिथून तो तसाच येऊ दिला. त्या जागी आता काच आहे. जिने, उतार, यंत्रसामग्रीच्या खोल्या यांतले बरेचसे मूळ भिंतींच्या बाहेर काढले, त्यामुळे मधल्या प्रशस्त दालनाला धक्का लागला नाही. जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला सहज कळते. कमानीची तुटलेली कडा तुटलेलीच दिसते आणि तिच्याखाली गावाचे सभागृह चालते. गावावर काय काय गुजरले, हे सांगायला तिथे वेगळा फलक लावावा लागत नाही.

आमच्या मते या कामाचे मोठेपण या संयमात आहे. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की काळ्या पाषाणावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स आणि सभामंडपावर पत्रा हे ठरलेलेच. श्रद्धेने वर्गणी काढून हे होते, म्हणून कोणी बोलतही नाही. पण रंगाखाली छिन्नीच्या खुणा गेल्या की त्या कायमच्या गेल्या. आणि जिथे सरकारी पैसा असतो तिथे मार्चअखेर असतो. आठ वर्षे धीर धरणारी निविदा आपल्या लेखाशीर्षात बसत नाही.

प्रार्थनास्थळात नाटक-गाणे कसे चालेल, ही शंका साहजिक आहे. कॅथलिक धर्मसंस्थेनेच तिचा विचार केलेला आहे. उपासनेसाठी वापरणे शक्य न राहिलेले चर्च बिशप ऐहिक वापरासाठी देऊ शकतात, फक्त तो वापर हीन नसावा, असे चर्चचा कायदा सांगतो. 2018च्या नोव्हेंबरात रोममध्ये या विषयावर परिषद भरली. तिथून निघालेल्या मार्गदर्शक सूत्रांत ग्रंथालय, संग्रहालय, सभागृह, गरजूंसाठी सेवाकेंद्र अशा वापराला पसंती आहे आणि नफेखोरीला नकार. सगळेच ही मर्यादा पाळतात असे नाही. स्पेनमध्येच लानेरा इथल्या एका जुन्या चर्चमध्ये आता पोरे स्केटबोर्ड खेळतात आणि भिंतींवर भडक रंगांची चित्रे आहेत. काहींना ते खटकेल. आम्हाला कुलूप लावून कुजत ठेवलेल्या वास्तूपेक्षा ते बरे वाटते.

नवा वापर टिकतो तो गावाला आपला वाटला तरच. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट इथल्या डोमिनिकन चर्चमध्ये एके काळी सायकली ठेवत. 2006 मध्ये तिथे पुस्तकांचे दुकान थाटले गेले. 2014 साली ते चालवणारी कंपनी बुडाली, तेव्हा वाचकांनी पैसे गोळा करून दुकान वाचवले. दगडमातीच्या कामाला अनुदान मिळते. अशा दिवशी खिशात हात घालणारी माणसे मात्र आधी जोडावी लागतात.

हे सारे वाचताना वसईचा किल्ला आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही फ्रान्सिस्कनांचे चर्च आहे, छत नसलेले, जमिनीतल्या शिळांवर पोर्तुगीज लेख कोरलेले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, हे आपल्याला पाठ असते. त्या आधीच्या दोनशे वर्षांविषयी आपण फारसे बोलत नाही. आज तिथे सर्वांत नियमाने काही होत असेल तर ते प्री-वेडिंग शूट. हे स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने सांतपेदोरसारखी काच-लोखंडाची भर तिथे घालता येणार नाही, घालूही नये. परंतु पावसाळा सोडला तर छताची गरज कुणाला आहे? वर्षातल्या ठरावीक संध्याकाळी, खात्याच्या परवानगीने, माणसांची संख्या बांधून, शिळांवर पाय पडणार नाही अशी आखणी करून तिथे गाणे, वाचन, चर्चा होऊ शकते. गोव्यात जुन्या गोव्याच्या टेकडीवरील माउंट चॅपेलच्या परिसरात संगीत महोत्सव भरतोच.

मात्र पहिला शब्द वसईतल्या सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती समाजाचा असायला हवा, कारण त्या भिंतींशी त्यांचे नाते पर्यटकाचे नाही. त्यांनी नको म्हटले तर विषय तिथेच संपतो. हो म्हटले तर कार्यक्रमाची वानवा पडणार नाही. उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या रूपाने अध्यक्ष याच वसईने दिला होता.