मिस्त्री पारखून घ्या



बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. लाखो रुपयांचा ट्रॅक्टर मात्र जो मिस्त्री प्रथम भेटेल त्याच्या हाती सोपवतो.

मागे एका गावी ऐन पेरणीत एकाचा ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, ताकद कमी पडू लागली. मिस्त्रीने आल्या आल्या सांगितले, "इंजिन खोलावे लागेल." घरधनी उसनवारीला निघाला. बायको म्हणाली, "अहो, आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवा." शेजारच्या गावचा म्हातारा मिस्त्री आला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "एअर क्लीनर कधी धुतला?" पाहिले तो भांड्यातल्या तेलाचा चिखल झालेला! हवा कोंडली की डिझेल पुरते जळत नाही, धूर काळा होतो. जाळी धुतली, तेल बदलले आणि ट्रॅक्टर त्याच दिवशी पेरणीला गेला. पहिला मिस्त्री लबाड होता की अडाणी, कोण जाणे. शेतकऱ्याला दोन्ही सारखेच महाग.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. चांगला मिस्त्री पान्हा उचलण्याआधी विचारतो : बिघाड कधीपासून, ऑइल कधी बदलले, धूर कोणत्या रंगाचा? निळा धूर असेल तर ऑइल जळत असते. तिथे इंजिनाचे काम खरोखर निघू शकते.

२. तो खर्चाचा अंदाज आधी देतो. काम वाढले तर तुम्हाला विचारूनच पुढे जातो.

३. काढलेला जुना भाग तो तुमच्या हाती देतो, नव्याचे खोकेही दाखवतो.

४. तो बिल देतो. बिल नीट जपा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी वापरायच्या यंत्राचे काम वाईट केले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे पुरावा लागतो, तोंडी बोलणे पुरत नाही.

आणि मिस्त्री शोधायचा तो उन्हाळ्यात, काम थंड असताना. ऑइल किंवा फिल्टर बदलण्याचे लहान काम देऊन त्याचा हात पाहा. मोठे काम मग बिनघोर देता येईल. घरात एक वही ठेवा. तारीख, मीटरचे तास, काम आणि खर्च तिच्यात लिहीत जा. शाळेत जाणारी मुलगीही हे काम हौसेने करील.

वाफसा कुणासाठी थांबत नाही. ट्रॅक्टर अडल्यावर शोधलेला मिस्त्री आपली अडचण पाहून दाम सांगतो. आधी पारखलेला मिस्त्री यंत्राचा बिघाड पाहून सांगतो.