विश्लेषण : एसएसडी महागली, लॅपटॉपसाठी आता कोणती निवडावी?

रखडत चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे हा त्याला नवसंजीवनी देण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मानला जात असे. मात्र २०२५ च्या अखेरीपासून एसएसडीच्या किमती चढू लागल्या आणि या सल्ल्यातील ‘स्वस्त’ हा शब्द अडचणीत आला. त्यामुळे कुठे पैसे घालावेत आणि कुठे वाचवावेत, हे नीट समजून घेण्याची गरज निर्माण झाली आहे.

किमती का वाढल्या?

एसएसडीमध्ये माहिती साठवण्यासाठी नँड फ्लॅश चिप वापरतात. या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन आणि चीनची वायएमटीसी. २०२३ मध्ये मागणी आटल्याने बहुतेकांना मोठा तोटा झाला आणि त्यांनी उत्पादनाला कात्री लावली. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरकडून मागणीचा लोंढा आला. साहजिकच जादा नफा देणाऱ्या या ग्राहकांना प्राधान्य मिळाले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले, तेही हेच कारण देऊन. आधी विकलेल्या वस्तूंची वॉरंटी मात्र कायम राहील, असे कंपनीने म्हटले आहे.

एसएसडीने नेमका काय फरक पडतो?

हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि माहिती शोधण्यासाठी तिच्यावरील वाचक भागाला योग्य जागी सरकावे लागते. त्यात दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने हेच काम मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात होते. लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल वाचल्या जातात, म्हणून हा फरक लगेच जाणवतो.

आपल्या लॅपटॉपला कोणती बसेल?

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा प्रकारची जागा असते. तिथे सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट ही कमाल मर्यादा आहे. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ एसएसडी बसते. मात्र एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून काही लॅपटॉपमध्ये यांपैकी एकच चालतो. लांबीही पाहावी लागते : २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. मॅकबुक एअरसारख्या लॅपटॉपमध्ये तर स्टोरेज मदरबोर्डवरच जोडलेले असल्याने बदलता येत नाही. खरेदीपूर्वी मॉडेल क्रमांकावरून कंपनीचे माहितीपत्रक पाहणे उत्तम.

जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजावेत का?

एनव्हीएमईची तिसरी पिढी सेकंदाला सुमारे ३,५०० मेगाबाइट, तर चौथी सुमारे ७,००० मेगाबाइटपर्यंत जाते. पाचवीचा आकडा त्याच्याही जवळपास दुप्पट आहे. पण हे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. ब्राउझर, ऑफिसची कामे, ऑनलाइन वर्ग यांत तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतला फरक क्वचितच कळतो. शिवाय लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा असेल, तर पुढच्या पिढीची एसएसडी त्यात चालेल, पण तिसऱ्याच पिढीच्या वेगाने. मोठ्या व्हिडीओंचे संपादन करणाऱ्यांनीच या आकड्यांसाठी जादा पैसे मोजावेत.

टीएलसी, क्यूएलसी आणि टीबीडब्ल्यू म्हणजे काय?

चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवले तर टीएलसी, चार साठवले तर क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिचे आयुष्य कमी असते. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात किती टेराबाइट लिहिता येतील याची मर्यादा. सॅमसंगच्या एक टेराबाइटच्या ‘८७० इव्हो’ला (टीएलसी) ती ६०० आहे, तर ‘८७० क्यूव्हीओ’ला (क्यूएलसी) ३६०. रोज ३० गिगाबाइट लिहिले तरी वर्षाला सुमारे ११ टेराबाइट होतात. म्हणजे ३६० ची मर्यादा गाठायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. घरगुती वापरात खरी अडचण झिजण्याची नाही. खूप मोठ्या फाइल सलग लिहिताना क्यूएलसीचा वेग कोसळतो, कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो, ही आहे.

नवी एसएसडी घेतली की जुना लॅपटॉप निर्धास्त वापरता येईल?

पूर्णपणे नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. एसएसडी बदलून ही अट पूर्ण होत नाही. अशा लॅपटॉपवर खर्च करण्यापूर्वी लिनक्स वापरण्याची तयारी आहे का, हे ठरवावे.

फसवणूक आणि डेटाचे काय?

महागाईत बनावट माल वाढतो. अविश्वसनीय कमी किमतीत अनेक टेराबाइटची जाहिरात दिसली, तर आत लहान क्षमतेची चिप आणि खोटा आकडा असण्याची शक्यता मोठी. मात्र ५१२ गिगाबाइटची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, ती फसवणूक नव्हे. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. एसएसडी अनेकदा पूर्वसूचना न देता बंद पडते आणि पुसलेली माहिती तिच्यातून परत मिळणे हार्ड डिस्कपेक्षा कठीण असते. म्हणून काढलेली जुनी हार्ड डिस्क चालू स्थितीत असेल, तर ती टाकून न देता बाहेरच्या डबीत बसवून फोटो-कागदपत्रांच्या बॅकअपसाठी वापरावी.

घ्यावी की थांबावे?

चिपचे नवे कारखाने उभे राहायला काही वर्षे लागतात. त्यामुळे लॅपटॉप अजून हार्ड डिस्कवर असेल आणि रोजचे काम अडत असेल, तर थांबण्यात फारसा अर्थ नाही. नावाजलेल्या कंपनीची, पाच वर्षांची वॉरंटी असलेली ५०० गिगाबाइटच्या आसपासची टीएलसी बहुतेकांना पुरेशी आहे. आधीच एसएसडी असेल आणि फक्त जागा कमी पडत असेल, तर जुने व्हिडीओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवून सध्या पैसे वाचवावेत.